चार नेते, एक चौक: स्थलांतरित समाजाच्या स्मारकशिल्पाचे प्रकरण

## पार्श्वभूमी

हे एका बंदराच्या शहरातले प्रकरण आहे. तीन-चार पिढ्यांपूर्वी समुद्रापलीकडून मजुरीसाठी आलेला एक समाज तिथे राहतो. गोदीत आणि रेल्वेमार्गावर राबणाऱ्या पहिल्या पिढीला नागरिकत्व नव्हते, मताचा अधिकार नव्हता आणि वस्तीबाहेर घर घेता येत नव्हते. पुढे याच लोकांनी कामगार संघटना उभी केली, भेदभावाच्या कायद्यांना न्यायालयात आव्हान दिले, मुलांसाठी शाळा काढली, स्वतःचे वर्तमानपत्र चालवले. जुनी वस्ती रस्तारुंदीकरणात गेली. तिच्या जागी एक छोटा चौक उरला आणि तिथे समाजाच्या नेत्यांचे शिल्प उभारावे, असा प्रस्ताव समाजाच्या मंडळाने महापालिकेला दिला.

महापालिकेने जागा द्यायची, मंडळाने निधी उभारायचा आणि शिल्प पूर्ण झाल्यावर मालकी महापालिकेकडे द्यायची, असे ठरले. मंडळात अकरा सदस्य होते. त्यांपैकी कुणालाच सार्वजनिक शिल्पाच्या कामाचा अनुभव नव्हता. अशा प्रकल्पात ही नेहमीची परिस्थिती असते, म्हणून तो दोष धरू नये. पण पुढच्या बऱ्याच अडचणींचा उगम तिथे आहे. शहर, समाज आणि माणसे ओळखू येतील असे तपशील इथे दिलेले नाहीत.

## अडचण कुठे सुरू झाली

मंडळाने आधी शिल्पकार निवडला आणि मग नावांचा विचार केला. शिल्पकाराशी करार झाला तेव्हा त्यात ‘समाजाचे तीन संस्थापक नेते, पूर्णाकृती, दोन मीटर उंच चौथऱ्यावर’ एवढेच लिहिले होते. ते तिघे कोण, हे सर्वांनी गृहीत धरले होते: कामगार संघटनेचा नेता, नागरिकत्वाचा खटला लढवणारा वकील आणि वर्तमानपत्राचा संपादक.

सुमारे 45 सेंटिमीटर उंचीचा मेणाचा नमुना जाहीर प्रदर्शनात ठेवला आणि आठवड्याभरात दोन आक्षेप आले. पहिला आक्षेप समाजातल्याच स्त्रियांचा होता. सहा महिने चाललेल्या संपात मजुरांना उधारीवर जेवू घालणारी खानावळवाली आणि शाळा चालवणारी शिक्षिका यांच्याशिवाय त्या तिघांपैकी कुणाचेही काम उभे राहिले नसते, असे त्यांनी लिहून दिले, आणि सोबत संपकाळातल्या खानावळीच्या वहीची पाने जोडली. दुसरा आक्षेप शहरातल्या दुसऱ्या एका स्थलांतरित समाजाने घेतला. संपादकाच्या जुन्या अग्रलेखांत त्यांच्या पूर्वजांविषयी उघड तुच्छता होती. कात्रणे खरी होती.

तोवर निधीचा मोठा भाग जमला होता. त्यातला बराचसा संपादकाच्या वंशजांकडून आला होता. शिल्पकाराला पहिला हप्ता गेला होता, सांगाड्याचे काम सुरू व्हायचे होते.

## समोर असलेले पर्याय

मूळ आराखडा तसाच ठेवणे. वेळ आणि पैसा वाचला असता. पण आक्षेप खरे ठरलेले असताना शिल्प उभारले की वाद शिल्पाबरोबर कायमचा उभा राहतो. घाना विद्यापीठात जून 2016 मध्ये बसवलेला गांधीजींचा पुतळा प्राध्यापक-विद्यार्थ्यांच्या विरोधानंतर डिसेंबर 2018 मध्ये हलवावा लागला. विरोधाचे कारण आफ्रिकी लोकांबद्दल त्यांनी तरुणपणी केलेले लेखन हे होते. ते लेखन अनावरणाच्या आधीही छापलेले आणि उपलब्ध होते. म्हणजे हे वाचन आधी करता येते आणि करायलाच हवे.

नाव नसलेल्या आकृती घडवणे. लंडनच्या वॉटर्लू स्थानकात 22 जून 2022 रोजी अनावरण झालेल्या, कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनमध्ये आलेल्या स्थलांतरितांच्या विंडरश स्मारकात शिल्पकार बॅसिल वॉटसन यांनी सामानाच्या पेट्यांवर उभे राहिलेले पुरुष, स्त्री आणि मूल घडवले आहे. तिथे कुणा एका नेत्याचे व्यक्तिचित्र नाही, त्यामुळे कुणाला घेतले आणि कुणाला गाळले हा प्रश्नच उरत नाही. मंडळाच्या तरुण सदस्यांना हा मार्ग पटला. ज्येष्ठांचे म्हणणे वेगळे होते आणि ते वजनदार होते: या शहराने आपल्या लोकांना पगारपत्रकावर क्रमांकाने नोंदवले, आता निदान चार जणांची तरी नावे आणि चेहरे दिसू देत.

अमूर्त शिल्प आणि भोवती नावे. बॉस्टन कॉमनमधले ‘द एम्ब्रेस’ या दिशेचे आहे: 2023 मध्ये उभारलेले, मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांची पत्नी कोरेटा यांच्या आलिंगनातल्या फक्त बाहूंचे शिल्प, आणि भोवतीच्या फरसबंदीत स्थानिक नागरी हक्क नेत्यांची नावे. त्या शिल्पाच्या काही बाजूंनी दिसणाऱ्या आकारावर जाहीर टीका झाली. ती लक्षात घेऊन मंडळाने एक नियम केला: कोणताही नमुना मंजूर करण्यापूर्वी तो फिरत्या पाटावर ठेवून आठ दिशांनी, लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवरून आणि समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून दिसेल तसा पाहायचा, आणि त्या कोनांतून छायाचित्रे घ्यायची.

व्यक्तिचित्रे ठेवायची, पण नावे नव्याने ठरवायची आणि आकृती जमिनीच्या पातळीवर आणायच्या. हा सर्वांत वेळखाऊ पर्याय होता आणि शेवटी तोच निवडला.

## नावांचा निर्णय

मंडळाने नावांवर थेट मतदान घेतले नाही. आधी निकष ठरवले आणि ते नावे पुढे येण्यापूर्वी जाहीर केले. व्यक्ती हयात नसावी आणि मृत्यूला किमान दहा वर्षे झालेली असावीत. तिचे काम दोन स्वतंत्र साधनांत नोंदलेले असावे. कुटुंबाची आठवण हे एक साधन धरले जाईल, दुसरे कुटुंबाबाहेरचे हवे. कामाचा लाभ तिच्या गावकीबाहेर, भावकीबाहेर पोहोचलेला असावा. तिचे उपलब्ध लेखन आणि भाषणे समाजाबाहेरच्या दोन इतिहास अभ्यासकांनी वाचून लेखी टिपण द्यावे. आणि देणगीदाराला नावांच्या निर्णयात मत नसावे.

शेवटच्या निकषावर मंडळात सर्वाधिक ओढाताण झाली. संपादकाच्या वंशजांनी काही रक्कम परत मागितली. मंडळाने वाद न घालता ती परत केली आणि कामाचे वेळापत्रक पुढे ढकलले. आमच्या मते हा या प्रकरणातला सर्वांत महागडा आणि सर्वांत योग्य निर्णय होता. पैसे ठेवून घेतले असते तर पुढच्या प्रत्येक बैठकीत त्या रकमेचा उल्लेख झाला असता.

अंतिम निवड अशी झाली: संघटनेचा नेता, वकील, खानावळवाली आणि शिक्षिका. संपादकाची आकृती घडवली नाही, पण त्याला पुसूनही टाकले नाही. फरसबंदीतल्या नावांच्या पट्ट्यात त्याचे नाव आणि वर्तमानपत्राचे नाव आले. माहितीफलकावर त्याने समाजाला दिलेला आवाज आणि दुसऱ्या समाजाविषयी लिहिलेले अन्यायकारक लेखन, दोन्ही एकाच परिच्छेदात आले. तो परिच्छेद आक्षेप घेणाऱ्या समाजाच्या प्रतिनिधींबरोबर बसून लिहिला. छापण्याआधी त्याचे सात मसुदे झाले.

## माती: स्वस्तात बदल करण्याची शेवटची जागा

ब्राँझच्या कामात एक सीमा आहे आणि ती मंडळाच्या प्रत्येक सदस्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगायला हवी. मातीत चेहरा बदलायला एक-दोन दिवस लागतात. रबराचा साचा घेऊन मेण ओतल्यावर बदल करता येतो, पण तो मर्यादित असतो. धातू ओतल्यावर बदल म्हणजे कापणे, नवा भाग ओतणे आणि पुन्हा जोडणे. म्हणून मातीवरची मंजुरी तोंडी घ्यायची नाही. प्रत्येक आकृतीसाठी वेगळी, सहीनिशी घ्यायची.

आकृती किती मोठ्या करायच्या, हा पहिला प्रश्न. मोकळ्या आकाशाखाली हुबेहूब माणसाएवढी आकृती लहान आणि किडकिडीत दिसते, म्हणून माती 1.15 पटीत केली. मातीपासून धातूपर्यंत एकूण अडीच टक्क्यांच्या आसपास आकुंचन धरले होते. 170 सेंटिमीटर उंचीच्या माणसाची माती 195 सेंटिमीटरची आणि ब्राँझ साधारण 190 सेंटिमीटरचे झाले.

चेहऱ्यांची अडचण मोठी होती. खानावळवालीची दोनच छायाचित्रे मिळाली, दोन्ही समूहातली, आणि बाजूने घेतलेले एकही नाही. वकिलाच्या कुटुंबात एका शाखेने म्हातारपणीचे छायाचित्र दिले, दुसरीने तरुणपणीचे. मंडळाने सर्वांसाठी एकच नियम लावला: ज्या कामासाठी व्यक्ती ओळखली जाते, ते काम करतानाचे वय. प्रत्येक कुटुंबाने एकच प्रतिनिधी द्यायचा आणि सही त्याचीच. छायाचित्र जवळून घेतलेले असेल तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात, हेही शिल्पकाराने कुटुंबांना आधीच दाखवून दिले. त्यामुळे ‘छायाचित्रासारखे नाही’ ही तक्रार बरीच कमी झाली.

पहिली पाहणी स्टुडिओतल्या खिडकीच्या तिरक्या उजेडात झाली आणि सर्वांना चेहरे आवडले. दुसरी पाहणी मुद्दाम अंगणात, दुपारच्या वरून पडणाऱ्या उन्हात घेतली, तेव्हा भुवयांची सावली डोळ्यांवर पडून शिक्षिकेचा चेहरा कठोर दिसू लागला. गडद रंगाच्या धातूत हा परिणाम आणखी वाढतो. पापण्यांच्या कडा उचलून, बुबुळांच्या जागा खोल करून तो दोष मातीतच दुरुस्त झाला. ही पाहणी फक्त स्टुडिओत केली असती तर दोष अनावरणाच्या दिवशी कळला असता.

वकिलाचा चष्मा हा वेगळा मुद्दा. क्यूबातल्या हवाना शहरातल्या गायक जॉन लेननच्या पुतळ्याचा चष्मा वारंवार चोरीला गेल्याचे सर्वश्रुत आहे. इथे काड्या कानशिलाला आणि खालची कड गालाला चिकटवून, 6 मिलिमीटर जाडीत, चेहऱ्यासोबतच ओतल्या. जवळून पाहिले तर चष्मा थोडा जाड वाटतो. ती तडजोड जाणूनबुजून केली.

## ओतकाम आणि रंग

धातू सिलिकॉन ब्राँझ निवडला: सुमारे 95 टक्के तांबे, 4 टक्के सिलिकॉन आणि उरलेले मँगनीज. प्रत्येक आकृती नऊ ते बारा तुकड्यांत कापून ओतली. मेणाच्या तुकड्यांवर सिरॅमिकच्या राबडीचे आणि वाळूचे आठ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळवून. मग मेण वितळवून काढणे, कवच भाजणे आणि सुमारे 1,150 अंश सेल्सिअसला धातू ओतणे. भिंतीची जाडी 5 मिलिमीटर. या जाडीत एका चौरस मीटरचे वजन साधारण 42.5 किलो भरते. कपड्यांच्या घड्या धरून एका आकृतीचा पृष्ठभाग सुमारे साडेतीन चौरस मीटर, म्हणजे दीडशे किलो; आतला स्टेनलेस स्टीलचा सांगाडा धरून 180 किलो. हे गणित आधीच करून ठेवले की क्रेन, पाया आणि वाहतूक यांचे अंदाज चुकत नाहीत.

संघटनेच्या नेत्याच्या कोटाच्या पाठीवर बारीक छिद्रांचा पट्टा आला. बहुधा धातू ओतताना थंड पडला होता. ओतारीने इपॉक्सी (घट्ट होणारी कृत्रिम राळ) भरून रंग देण्याचा मार्ग सुचवला. मंडळाच्या तांत्रिक सल्लागाराने तो नाकारला, आणि ते बरोबर होते: रासायनिक रंग धातूवर चढतो, इपॉक्सीवर चढत नाही, आणि दोन-तीन हिवाळ्यांत तो डाग उघडा पडतो. तेवढा भाग कापून नव्याने ओतला. जोडकामात त्याच मिश्रधातूची सळई वापरणे बंधनकारक ठेवले, कारण वेगळ्या मिश्रधातूचा सांधा रंग चढवल्यावर फिकट रेघेसारखा दिसत राहतो.

रंगासाठी गंधकयुक्त पोटॅशचा काळपट पाया आणि त्यावर तापवून फेरिक नायट्रेटचा तांबूस-तपकिरी थर दिला. वर लाखेसारखे पारदर्शक लेपन द्यायचे की फक्त मेण, यावर चर्चा झाली. आकृती हाताला लागणाऱ्या होत्या. सतत स्पर्शाने लेपन तुकड्या-तुकड्यांनी निघते, त्याखाली पाणी शिरते आणि मग पूर्ण लेपन काढल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. म्हणून फक्त मेण. हात आणि खांदे घासून सोनेरी होतील, हे मंडळाने आधीच मान्य करून देखभालीच्या कागदावर लिहून ठेवले.

## जागा, पाया, बसवणी

जमिनीखालचे नकाशे जुने होते. रडारने तपासणी करूनही समाधान न झाल्याने हाताने चाचणीखड्डा घेतला आणि दूरध्वनीच्या तारांची नळी सापडली, तीही नकाशात दाखवल्यापेक्षा बरीच बाजूला. शिल्पसमूह 1.8 मीटर सरकवला. यंत्राने खोदले असते तर नळी तुटली असती.

जमिनीच्या पातळीवरच्या आकृतींना स्वतःचे नियम असतात. दोन आकृतींमधली किंवा हात आणि धड यांमधली फट 9 ते 23 सेंटिमीटरच्या दरम्यान ठेवायची नाही, कारण तेवढ्या फटीत लहान मुलाचे शरीर जाते आणि डोके अडकते. शिक्षिकेच्या हातातल्या पुस्तकाच्या कडा गोलसर केल्या. बसण्यासाठीचा बाक ब्राँझऐवजी दगडाचा केला, कारण गडद धातू उन्हात चटका बसेल इतका तापतो. बाजूला चाकाच्या खुर्चीसाठी मोकळी जागा सोडली.

प्रत्येक पावलात 20 मिलिमीटरच्या, 316 प्रतीच्या स्टेनलेस सळया आणि त्या काँक्रीटमध्ये 30 सेंटिमीटर खोल इपॉक्सीत. इथे एक घोळ झाला. भोके पाडण्याचा प्लायवूडचा नमुना मेणाच्या टप्प्यावर काढला होता. जोडकामाच्या उष्णतेने धातू ओढला गेला आणि खानावळवालीच्या मागच्या पावलाची सळई 11 मिलिमीटर बाजूला आली. क्रेन उभी, रस्ता बंद, आणि आकृती भोकात उतरेना. भोके रुंद करून काम त्याच रात्री संपवले. नमुना नेहमी पूर्ण झालेल्या ब्राँझच्या तळव्यावरून घ्यावा.

नावांच्या फरशीसाठी आणि फलकासाठी मजकूर खऱ्या आकारात कागदावर छापून जागेवरच चिकटवला आणि ज्येष्ठ मंडळींकडून वाचून घेतला. 25 मिलिमीटर उंचीचे अक्षर तीन मीटरवरून आरामात वाचता येते. पण समाजाच्या लिपीत वर-खाली मात्रा येत असल्याने तिथे अक्षर 32 मिलिमीटर करावे लागले. नावांचे लेखन लिपीत कुटुंब लिहिते तसे आणि शहराच्या भाषेत सरकारी नोंदीत आहे तसे ठेवले. या तपासणीत दोन चुका सापडल्या. दगड कोरल्यानंतर सापडल्या असत्या तर दोन फरश्या नव्याने कराव्या लागल्या असत्या.

## काय निष्पन्न झाले

अनावरण ठरल्यापेक्षा चौदा महिने उशिरा झाले. आक्षेप घेणाऱ्या समाजाचे प्रतिनिधी व्यासपीठावर होते. संपादकाच्या घरातले काही जण आले, काही आले नाहीत.

पहिल्या पावसात खानावळवालीच्या मांडीवरच्या पदराच्या खोलगट भागात पाणी साचलेले दिसले. साचलेले पाणी मेण खाते, हिरवट-पांढरे डाग पाडते आणि गोठले तर सांध्यावर ताण येतो. तिथे 8 मिलिमीटरचे भोक घडीच्या सावलीत पाडले. तळव्यांत पाणी निघायला भोके ठेवलेली होती, पण वरच्या खोलगट जागांचा विचार मातीच्या टप्प्यावर झाला नव्हता. मातीवर बादलीभर पाणी ओतून पाहता येत नाही, तरी मेणावर तांब्याभर पाणी ओतून ते सहज कळले असते.

अधिक गंभीर गोष्ट पहिल्या हिवाळ्यात घडली. शिल्पापासून तीन मीटरच्या आत बर्फ वितळवण्यासाठी मीठ न टाकता वाळू टाकायची, असे महापालिकेच्या कला विभागाशी ठरले होते. ती अट रस्ते साफ करणाऱ्या कंत्राटदाराच्या करारात कुणीच घातली नव्हती. तीन महिने मीठ पडले. मिठातल्या क्लोराइडमुळे आकृतींच्या बुटांवर फिकट हिरवी भुकटी धरली. गोड्या पाण्याने वारंवार धुऊन, नरम ब्रशने साफ करून, रंग पुन्हा चढवून ती आटोक्यात आली, पण एका टाचेवर बारीक खड्डे राहिले आहेत.

लोकांनी शिल्प आपलेसे केले आहे. शाळांच्या सहली येतात, मजूर दिनाला संघटना इथून मिरवणूक काढतात. शिक्षिकेचे पुस्तक आणि खानावळवालीचा हात यांवरचा रंग उजळला आहे.

## वेगळे काय करता आले असते

नावे, निकष आणि अभ्यासकांचे टिपण हे सर्व शिल्पकार निवडण्याच्या आधी व्हायला हवे होते. शिल्पकाराशी दोन टप्प्यांचा करार केला असता, पहिला नमुन्यापर्यंत आणि दुसरा नावे पक्की झाल्यावर, तर पहिला हप्ता वाया गेला नसता. इथे शिल्पकाराने समजूतदारपणे नवा नमुना कमी मोबदल्यात केला. असा समजूतदारपणा गृहीत धरून अंदाजपत्रक करता येत नाही.

करारात शिल्प हलवणे, दुरुस्त करणे आणि काढणे यांबद्दलची कलमे नंतर जोडली गेली. साहित्य आणि कलाकृतींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या कलम ‘6 बिस’नुसार कृतीची मोडतोड किंवा विद्रूपीकरण प्रतिष्ठेला बाधक ठरत असेल तर कलावंत आक्षेप घेऊ शकतो. मालकी महापालिकेची असली तरी हा हक्क वेगळा राहतो. संपादकाच्या प्रकरणासारखा वाद अनावरणानंतर निघाला असता तर आकृती काढण्याची पद्धत कुठेच लिहिलेली नव्हती.

देखभालीचा निधी शेवटी शेवटी, एकूण निधीच्या दहा टक्के, असा बाजूला काढला. तो पहिल्या अंदाजपत्रकात असायला हवा होता. त्यातून वर्षातून दोनदा सौम्य साबणाने धुणे, एकदा धातू तापवून मेण लावणे आणि पक्ष्यांची विष्ठा दिसताच काढणे एवढे होते. रबराचे साचे कालांतराने कडक होऊन निकामी होतात. म्हणून प्रत्येक आकृतीचे त्रिमितीय स्कॅन मंडळाकडे आणि महापालिकेकडे, दोन ठिकाणी ठेवले आहे. चष्मा किंवा बोट तुटलेच तर नवा तुकडा त्यावरून ओतता येईल.

फरसबंदीत सहा फरश्या कोऱ्या ठेवल्या आहेत. त्यांवर नाव कसे घ्यायचे, हे मात्र अनावरणानंतरच्या बैठकीत ठरले, आणि तोवर तीन कुटुंबांनी अर्ज दिले होते. पहिल्या निवडीचेच निकष, तीच बाहेरच्या अभ्यासकांची वाचणी आणि पाच वर्षांतून एकदाच निवड, असा ठराव झाला आहे. हिवाळ्याची अट आता कंत्राटाच्या निविदेत छापली जाते, आणि हंगामाच्या पहिल्या बर्फाआधी मंडळाचा एक सदस्य कंत्राटदाराच्या मुकादमासोबत जागेवर जाऊन तीन मीटरची हद्द फरशीवर दाखवून येतो.